चिप तीच, पॅकेज वेगळं: लीडफ्रेममुळे नेमकं काय बदलतं?

ठिबक_सर्किट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आम्ही छत्रपती संभाजीनगरात ठिबक सिंचनाचे आणि पंप स्टार्टरचे छोटे कंट्रोलर बनवतो. गिऱ्हाईक बहुतेक परभणी, हिंगोली, जालना भागातले शेतकरी. बोर्ड पत्र्याच्या पेटीत, पेटी विहिरीवर, भर उन्हात. मे महिन्यात दुपारी एक ते चारच्या दरम्यान काही बोर्ड आपोआप बंद होतात आणि ऊन उतरलं की पुन्हा सुरू होतात.

बोर्डावर १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारा बारका रेग्युलेटर आहे, पॅकेज (चिपभोवतीचं आवरण आणि पाय) एसओटी-२३-५, म्हणजे पाच पायांचं. करंट ६० मिलिअँपिअर. म्हणजे ७ गुणिले ०.०६, साधारण ०.४२ वॅट उष्णता. डेटाशीटमध्ये या पॅकेजचा थर्मल रेझिस्टन्स, म्हणजे दर वॅटला चिप किती अंश तापते तो आकडा, २०० अंश प्रति वॅटच्या आसपास दिलाय. पेटीतली हवा ६५ अंश धरली तर ६५ अधिक ८४, चिप १४९ अंशांवर जाते. थर्मल शटडाऊन (चिप जास्त तापली की स्वतःहून बंद होणं) १५० च्या जवळपास असतं, त्यामुळे बंद का पडतं ते कळलं.

माझा प्रश्न पुढचा आहे. त्याच डेटाशीटमध्ये तीच चिप खाली पॅड असलेल्या डीएफएन पॅकेजमध्ये आहे आणि तिथे आकडा आहे ६० च्या आसपास. सिलिकॉन तेच, आकार जवळपास तेवढाच. मग हा तिपटीहून जास्त फरक आतल्या धातूच्या सांगाड्यामुळे, म्हणजे लीडफ्रेममुळेच पडतो का? आणि पॅकेज निवडताना त्या सांगाड्याबद्दल आपण काय पाहायला हवं?

परभणी_४४

मे महिन्यात दुपारी एक ते चार आमचा अख्खा बाजार थर्मल शटडाऊनमध्येच असतो. तुमची चिप पक्की परभणीकर झाली बघा!

प्रश्न मात्र लै कामाचा आहे. वाचायलोय.

पेनांगहून_परत

मी काही वर्षं मलेशियात असेंब्लीच्या कारखान्यात होतो, सध्या मुक्काम नांदेड. धागाकर्त्यांच्या प्रश्नाचं थोडक्यात उत्तर: हो, मोठा वाटा लीडफ्रेमचाच. पण का, हे आकडे मांडून पाहा, मग पुन्हा कधी डोक्यातून जाणार नाही.

एसओटी-२३ मध्ये चिप एका छोट्या धातूच्या पट्टीवर चिकटवलेली असते. तिला आम्ही पॅडल म्हणायचो. ही पट्टी बहुतेक वेळा एकाच पायाशी सलग जोडलेली असते. तीन पायांच्या ट्रान्झिस्टरमध्ये कलेक्टर किंवा ड्रेन, आणि पाच पायांच्या बऱ्याच रेग्युलेटरमध्ये मधली २ नंबरची ग्राउंडची पिन. बाकीचे पाय पॅडलपासून सुटे. मध्ये मोल्ड कंपाउंड, म्हणजे चिपभोवतीचं प्लास्टिकसारखं आवरण, ज्याची उष्णतावाहकता जेमतेम १ वॅट प्रति मीटर केल्विनच्या घरात. म्हणजे उष्णतेला खरा रस्ता एकच पाय.

आता त्या पायाचा हिशेब. बोर्डापर्यंतची लांबी १ मिमी, रुंदी ०.४ मिमी, जाडी ०.१५ मिमी धरा. छेद आला ०.०६ चौरस मिमी. सी१९४ या नेहमीच्या तांब्याच्या मिश्रधातूची वाहकता सुमारे २६०. लांबीला वाहकता आणि छेद यांच्या गुणाकाराने भागलं की येतात ६४ अंश प्रति वॅट. हा फक्त एका बारक्या पायाचा खर्च.

डीएफएनमध्ये हीच पट्टी पॅकेजच्या पोटाखाली उघडी ठेवलेली असते आणि थेट बोर्डाला सोल्डरचा डाग, म्हणजे जोड, लागतो. पॅड १.५ बाय १ मिमी, जाडी ०.२ मिमी धरली तर त्याच सूत्राने अर्धा अंश प्रति वॅट. कुठे ६४ आणि कुठे ०.५! उष्णता आता जाडीतून जाते, लांबीतून नाही.

जायकवाडीचा कालवा कितीही रुंद असो, तुमच्या शेतापर्यंतची चारी अरुंद असेल तर पाणी तेवढंच येणार. एसओटी-२३ चा पाय ही ती चारी.

शिकाऊ_लातूरकर

दादा, मस्त समजावलंत. एक शंका. सगळ्या लीडफ्रेम तांब्याच्याच असतात का? आमच्या कॉलेजच्या नोट्समध्ये अलॉय ४२ असंही नाव आहे.

पेनांगहून_परत

चांगला प्रश्न. अलॉय ४२ म्हणजे लोखंडात ४२ टक्के निकेल. तापल्यावर तो फार कमी प्रसरण पावतो, अंशागणिक दशलक्ष भागांत ४ ते ५. सिलिकॉन ३ च्या आत, तांबं १७ च्या आसपास. त्यामुळे चिपवर ताण कमी येतो. शिवाय कडक आहे, पाय सहज वाकत नाहीत. म्हणून जुन्या काळापासून तो वापरात आहे आणि काही स्वस्त एसओटी-२३ मध्ये आजही सापडतो.

पण त्याची उष्णतावाहकता १२ च्या आसपास. वरचाच हिशेब १२ घालून करा, एका पायाचे १,४०० अंश प्रति वॅट होतात! प्रत्यक्षात एवढं होत नाही, कारण मग उष्णता मोल्डमधून, चिपला पायांशी जोडणाऱ्या बारीक तारांतून, इतर पायांतून वाट काढते. तरी मुख्य रस्ता बुजला तो बुजलाच. वरून आणखी एक अडचण. बोर्ड ज्याचा बनतो ते एफआर४ साधारण १४ ते १७ ने प्रसरण पावतं आणि अलॉय ४२ पाचने. दिवसा तापणं, रात्री गार होणं असं रोज चाललं की ओढाताण सोल्डरच्या जोडावर येते. चिपला सुख, जोडाला दुःख.

रिपेअरवाले_सेलू

आमच्या दुकानात याची एक सोपी परीक्षा आहे. पार्टजवळ छोटं निओडिमियम चुंबक न्या. अलॉय ४२ असेल तर पटकन चिकटतो. तांब्याचा असेल तर हलत नाही. दोन वेगवेगळ्या रिळांतले, वर सारखाच मार्किंग कोड असलेले ट्रान्झिस्टर घ्या, एक चिकटतो आणि एक नाही, असं बघायला मिळतं.

मंजिरी_वाळूज

@रिपेअरवाले, परीक्षा छान आहे, पण थोडं जपून. तांब्याच्या फ्रेमवरही निकेल-पॅलेडियम-सोन्याचा मुलामा असू शकतो. निकेलचा थर अगदी पातळ असला तरी बारका पार्ट किंचित ओढला जातो. जोरात उडी मारून चिकटला तरच अलॉय ४२ म्हणायचं.

रिपेअरवाले_सेलू

मान्य ताई. ओढ किती आहे ते हाताला कळतं.

गोदाकाठ

मी थोडा विरोधी सूर लावतो. तुम्ही सगळे लीडफ्रेमच्या मागे लागलात, पण धागाकर्त्यांचा बोर्ड एकाच बाजूचा असणार, बरोबर? डेटाशीटमधला ६० हा आकडा जेडेक या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या प्रमाण बोर्डावरचा. तो ७६ बाय ११४ मिमीचा, चार थरांचा, आत तांब्याचे दोन सलग थर असलेला. असा बोर्ड ठिबकच्या कंट्रोलरमध्ये कोण घालतो? डीएफएन लावूनही ६० मिळणार नाहीत. खरा हीटसिंक बोर्डाचं तांबं आहे. पॅकेज बदलून पैसे घालवण्यापेक्षा ग्राउंडच्या पायाभोवती तांबं वाढवा.

पेनांगहून_परत

बोर्डाबद्दलचं तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं, आणि ते या धाग्यात यायलाच हवं होतं. पण निष्कर्षाशी सहमत नाही. पायातच ६४ अंश अडकत असतील तर पलीकडे तांब्याचं मैदान पसरलं तरी ते ६४ जात नाहीत. डीएफएनमध्ये आतली अडचण जवळपास शून्य, म्हणून बोर्डावर खर्च केलेला प्रत्येक चौरस सेंटिमीटर कामाला येतो. लीडफ्रेम ठरवते की उष्णता बोर्डापर्यंत पोचेल का. पुढे काय होईल ते बोर्ड ठरवतो.

ठिबक_सर्किट

@गोदाकाठ, हो, एकाच बाजूचा बोर्ड आहे. २ नंबरच्या पायाला तांबं आहे, पण नखाएवढं.

डायमेकर_चिकलठाणा

मी टूलरूमचा माणूस. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये शिकलो, आता प्रोग्रेसिव्ह टूल बनवतो. आमचं काम वाहनांच्या कनेक्टरच्या टर्मिनलचं, पण लीडफ्रेमच्या स्ट्रिपा जवळून पाहिल्यात. या धाग्यात अजून आकाराबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

लीडफ्रेम दोन प्रकारे बनते. एक, प्रेसवर कार्बाइडच्या डायने पंच करून. टूल महाग, पण एकदा बसलं की प्रेस पळत राहतो आणि नग स्वस्त पडतो. दुसरी, फेरिक क्लोराइडसारख्या रसायनाने दोन्ही बाजूंनी कोरून. टूलचा खर्च नगण्य, डिझाइन आज बदललं तर लवकर नवी फ्रेम हातात, पण नग महाग.

पंचिंगमध्ये एक जुना नियम आहे. दोन पायांमधली फट पत्र्याच्या जाडीपेक्षा फार कमी करता येत नाही. पंच इतका बारीक होतो की मोडतो. म्हणजे पेनांगवाल्यांनी उष्णतेसाठी जाड पत्रा मागितला की पाय आपोआप दूर जातात. पाय जवळ हवे असतील तर पत्रा पातळ घ्यावा लागतो, आणि मग उष्णतेचा रस्ता अरुंद होतो. लहान पॅकेजचं सगळं भांडण इथे आहे. डिझाइनरला जाडी, पिच (पायांमधलं अंतर) आणि उष्णता तिन्ही एकदम हवं तसं मिळत नाही.

कोरण्यात एक सोय आहे जी पंचात नाही: अर्ध्या जाडीपर्यंत कोरता येतं. पॅडची कड खालून अर्धी खाल्ली की मोल्ड तिच्याखाली शिरतो आणि पॅडला धरून ठेवतो. डीएफएन आणि त्याचंच चारही बाजूंना पाय असलेलं भावंड क्यूएफएन, यांच्या बहुतेक फ्रेम म्हणूनच कोरलेल्या असतात.

आणि पंच केलेल्या पत्र्यात ताण राहतो, एका बाजूला बर (कडेला वर आलेली धार) येते. तार जिथे बसवायची ते टोक दाबून सपाट करावं लागतं, त्याला आम्ही कॉइनिंग म्हणतो. ते टोक वाकडं असलं तर तारेचा डाग धड बसतच नाही. पाय सगळे एका पातळीत, साधारण ०.१ मिमीच्या आत पाहिजेत, नाहीतर बोर्डावर एखादा पाय हवेत राहतो. शंभरातला एक पाय उचललेला म्हणजे कोणाचा तरी पंप बंद.

जालनेकर

काका, हा प्रतिसाद वाचनखूण साठवून ठेवला. एवढं सोपं करून कुणी सांगतच नाही.

शिकाऊ_लातूरकर

+१. पण पॅडला "धरून ठेवतो" म्हणजे काय? मोल्ड आपोआप चिकटत नाही का?

मंजिरी_वाळूज

हे माझं रोजचं दुखणं, म्हणून सविस्तर.

मोल्ड कंपाउंड ओलावा शोषतो. रिफ्लो ओव्हनमध्ये, म्हणजे बोर्डावरचं सोल्डर वितळवायच्या भट्टीत, तापमान २६० अंशांपर्यंत जातं. शिसं नसलेल्या सोल्डरमुळे हे आकडे वर गेले. आत अडकलेल्या ओलाव्याची क्षणात वाफ होते आणि ती मोल्ड-धातूच्या सांध्यात घुसून दोघांना वेगळं करते. जास्त झालं तर पॅकेज फुटतं, लाहीसारखा आवाजही येतो. कमी झालं तर बाहेरून काहीच दिसत नाही, पण चिपखालचा सांधा सुटलेला असतो. मग वर हिशेब केलेला अर्धा अंशाचा रस्ता मध्येच तुटतो! डीएफएन लावूनही चिप तापते, आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही.

यावर लीडफ्रेमवाले काय करतात? कडा अर्ध्या कोरतात, पॅडला भोकं आणि चर ठेवतात, पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत करतात. चांदीचा मुलामा फक्त तार बसते तेवढ्याच जागी देतात, कारण चांदीला मोल्ड नीट चिकटत नाही. पॅड चिपपेक्षा उगीच मोठा ठेवला तर सुटायला जागा जास्त, आणि अगदी लहान ठेवला तर उष्णता पसरायला जागा कमी.

परभणी_४४

मंजिरीताई, मराठवाडा कोरडा. इथं ओलाव्याचं काय घेऊन बसलाव?

मंजिरी_वाळूज

एप्रिलमध्ये कोरडा, ऑगस्टमध्ये नाही. एमएसएल म्हणजे पार्ट ओलाव्याला किती नाजूक त्याची पातळी. एमएसएल ३ चा पार्ट पाकिटाबाहेर १६८ तास चालतो, तेही ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेच्या आत. पावसाळ्यात शेडमधली आर्द्रता ६० वर राहते का, मीटर लावून पाहा. उघडं रीळ आठवडाभर टेबलावर पडलं असेल तर ते आधी बेक करायचं. लहान असेंब्ली युनिटमध्ये ओव्हनपेक्षा हीच शिस्त जास्त मोलाची, असं माझं ठाम मत आहे.

गोदाकाठ

वाळूजला तर गाड्यांचं इलेक्ट्रॉनिक्स बरंच. तिथे क्यूएफएन चालतं का? डाग पोटाखाली लपतो, कॅमेऱ्याला दिसत नाही.

मंजिरी_वाळूज

त्यासाठी वेटेबल फ्लँक. साध्या क्यूएफएनची फ्रेम करवतीने कापतात, त्यामुळे पायाच्या टोकाला उघडं तांबं राहतं. त्यावर ऑक्साइड चढतो आणि सोल्डर चढेलच असं नाही. वेटेबल फ्लँकमध्ये पायाच्या टोकाला पायरी किंवा खळगा करून त्यावर मुलामा देतात. सोल्डर बाजूने वर चढतो आणि कॅमेऱ्याला उभा डाग दिसतो. वाहनाच्या कामात आम्ही हेच मागतो.

तारतम्य

उष्णतेवर सगळे बोलले, विजेवर कोणीच नाही! लीडफ्रेम कुठे संपते आणि तार कुठे सुरू होते याचाही परिणाम असतो. २५ मायक्रॉनची सोन्याची तार घेतली तर दर मिलिमीटरला साधारण ४५ मिलिओहम आणि जवळपास १ नॅनोहेन्री. मॉसफेटचा (स्विचसारख्या ट्रान्झिस्टरचा) स्वतःचा रेझिस्टन्स काही मिलिओहम असेल तर तारच जास्त खाते. म्हणून मोठ्या करंटच्या मॉसफेटमध्ये तारांऐवजी तांब्याची क्लिप बसवतात. स्विचिंग रेग्युलेटरमध्ये चिप उलटी करून थेट लीडफ्रेमवर बसवतात, तार नाहीच, त्यामुळे रिंगिंग (स्विच होताना व्होल्टेजची थरथर) कमी.

आणि मूळ प्रश्नाकडे येऊन: ७ व्होल्ट उष्णतेत जाळण्यापेक्षा छोटा बक कन्व्हर्टर (भराभर स्विच करून व्होल्टेज उतरवणारा) का नाही लावत?

ठिबक_सर्किट

विचार केला होता. किंमत वाढते, शिवाय इंडक्टर आला. सध्याच्या बोर्डात लिनिअरच, म्हणजे आत्ताच्याच प्रकारचा, ठेवायचाय.

जालनेकर

एक अवांतर विचारू का? साणंदला मायक्रॉन, केन्स, सीजी, आसामात जागीरोडला टाटा, सगळीकडे पॅकेजिंगचे कारखाने. २०२१ मध्ये केंद्राने ७६,००० कोटींची सेमीकंडक्टर योजना आणली त्यातून हे उभं राहायलंय. आपल्याकडे ऑरिक ही औद्योगिक नगरी आहे, शेंद्रा-बिडकीनला जमीन, रस्ते, पाणी आहे. मग किमान लीडफ्रेम तरी इथे का होऊ नये?

डायमेकर_चिकलठाणा

हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा. प्रेस टूल, वायर कट, कार्बाइड ग्राइंडिंग, हे हात इथे आहेत. दुचाकीच्या कारखान्यांमुळे टूलरूमची एक अख्खी पिढी तयार झाली. अडचण पुढची आहे. अखंड रिळावर नेमक्या जागी चांदीचा मुलामा, पृष्ठभागाची स्वच्छता, आणि दर स्ट्रिपची मायक्रॉनमधली तपासणी. ते शिकता येतं, पण गिऱ्हाईकाने नमुना पास करेपर्यंत दम धरावा लागतो. सुरुवात एसओटी आणि एसओआयसीच्या पंच केलेल्या फ्रेमपासून करावी, कोरलेल्या क्यूएफएनपासून नाही. आमची ताकद पंचात आहे.

गोदाकाठ

यावर वेगळा धागा काढा काका, मी येतो. पॉलिटेक्निकच्या पोरांना हे कळायला पाहिजे.

रिपेअरवाले_सेलू

धागाकर्ते, निर्णय घ्यायच्या आधी माझंही ऐका. डीएफएन लावू नका. पॅड पोटाखाली, साध्या सोल्डरिंग गनने निघत नाही, बसत नाही. तुमचा कंट्रोलर बंद पडला की शेतकरी सेलू, मानवत, माजलगावच्या दुकानात येतो. आमच्यातल्या निम्म्यांकडे हॉट एअर नाही. अख्खा बोर्ड बदलायला सांगावं लागतं आणि पाणी द्यायची पाळी हुकते. मोठा टॅब असलेलं काहीतरी घ्या, एसओटी-८९ किंवा एसओटी-२२३.

पेनांगहून_परत

हा मुद्दा मला सुचला नव्हता, आणि तो पटला. एसओटी-२२३ मध्ये पॅडलच रुंद टॅब होऊन बाहेर येतं, म्हणजे चारी नाही, चांगला रुंद कालवाच. एकाच बाजूच्या बोर्डावर १०० अंश प्रति वॅट धरले तरी ०.४२ वॅटला ४२ अंश. ६५ अधिक ४२, १०७. शटडाऊनपासून पुरेसं लांब, आणि गनने बदलताही येतं. पंच केलेली फ्रेम, म्हणून स्वस्तही.

ठिबक_सर्किट

रिपेअरवाले, हे फार महत्त्वाचं सांगितलंत. एसओटी-२२३ वरच जातो. टॅबखाली ग्राउंडचं तांबं पसरवतो.

तारतम्य

थांबा! टॅब ग्राउंडच असेल असं धरू नका. चिप ज्या पॅडलवर बसते त्याचा पाय कोणता, ते चिपची पाठ आतून कशाला जोडलेली आहे त्यावर अवलंबून असतं. ७८०५ या रेग्युलेटरचा टॅब ग्राउंड, ७९०५ चा इनपुट. १११७ जातीच्या एसओटी-२२३ मध्ये टॅब आउटपुट. एसओटी-८९ मध्ये ७८एल०५ चा टॅब ग्राउंड, तर एचटी७३ मालिकेतल्या काहींचा इनपुट. १११७ घेतलात आणि टॅब ग्राउंडच्या तांब्याला डागलात तर ५ व्होल्ट सरळ शॉर्ट.

ठिबक_सर्किट

बरं झालं सांगितलंत, मनात १११७ च होता. म्हणजे आता आउटपुटचं तांबं मोठं करायचं, ग्राउंडचं नाही. त्याच्या इनपुटची कमाल मर्यादाही तपासतो. सोलर पॅनलवर चालणाऱ्या पेटीत सकाळी व्होल्टेज १२ च्या वर जातं.

तारतम्य

बरोबर. आणि आउटपुटच्या कपॅसिटरचा ईएसआर (आतला रोध) डेटाशीटमध्ये पाहा. १११७ च्या बऱ्याच आवृत्त्या फक्त सिरॅमिक कपॅसिटरवर डळमळतात, टॅन्टलम किंवा साधा इलेक्ट्रोलिटिक लागतो. इलेक्ट्रोलिटिक घेतलात तर १०५ अंशांचा घ्या आणि टॅबच्या तांब्यापासून लांब बसवा.